दोन नटांचा एक गळा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आनेग्रेट टामचा फोन आला तेव्हा लोथार फीबिग स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. आनेग्रेट दिग्दर्शिका होती, पण सिनेमाची नव्हे, आवाजांची. परदेशी सिनेमा इथे येऊन जर्मन बोलायला लागतो तो तिच्यासारख्यांच्या हाताखाली. तीस वर्षांत तिने फोनवर कधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या नव्हत्या. त्या दिवशी तिने आधी त्याची तब्येत विचारली, मग त्याच्या बायकोची, मग बाल्कनीतल्या टोमॅटोंची, आणि टोमॅटोंपाशी येईपर्यंत लोथारची सुरी थांबली होती.

"ते दोघं एकत्र येताहेत," ती शेवटी म्हणाली. "एकाच सिनेमात. त्यात सख्खे भाऊ झालेत."

कोण दोघं, हे त्याने विचारलं नाही. त्याने सुरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि स्टुलावर बसला.

ह्या देशात परदेशी नटाचा मूळ आवाज फारसा कुणी ऐकलेला नसतो. त्याला इथला एक गळा नेमून दिलेला असतो, आणि एकदा नेमला की तो सहसा सुटत नाही. नट म्हातारा होतो, गळाही म्हातारा होतो. नटाचं पोट सुटलं, केस गेले, तिसरं लग्न मोडलं तरी लोक चालवून घेतात, पण आवाज बदलला की वर्तमानपत्रांकडे रागाची पत्रं जातात. आता नट ढिगाने आणि चांगले गळे मोजके, त्यामुळे एकेका गळ्यावर दोन-दोन, तीन-तीन नट लादलेले असतात. लोथारच्या गळ्यावर दोघं होते. रेक्स डॅलन सव्वीस वर्षांपासून आणि नॉर्मन एल्ड्रिज चोवीस वर्षांपासून. बर्लिनच्या लांकवित्स भागातल्या स्टुडिओत कॉफीच्या यंत्रापाशी एक जुना विनोद होता, की हे दोघं कधी समोरासमोर आले तर बिचारा लोथार स्वतःलाच शिव्या देत बसणार. ह्या विनोदाला लोथारही हसायचा. आता ते हसू कुठल्या कुठे पळालं.

आनेग्रेटने मग सगळं उलगडून सांगितलं. अकरा प्रसंगांत दोघं भाऊ एका टेबलाशी, एका गाडीत, एका खोलीत आहेत. एका माणसाने दोघांचं बोलणं शक्य नाही, शेजारच्या शाळेतलं पोरगंही ओळखेल. तेव्हा एक लोथारकडे राहील, दुसरा दुसऱ्या कुणाकडे जाईल. म्युनिकचे वितरक चाचणी घेणार होते. लोथारने दोघांचे नमुने द्यायचे. नॉर्मनसाठी माथिस क्रूल नावाचा एक सत्तेचाळीस वर्षांचा नट येणार होता आणि रेक्ससाठी आणखी एक जण. नमुन्यांवर नावं नसणार. कान देऊन ऐकायचं आणि ठरवायचं.

"आणि जो जाईल तो?" लोथारने विचारलं.

"जो जाईल तो गेला," आनेग्रेट म्हणाली. "पुढचे त्याचे सगळे सिनेमे नवा माणूस बोलणार. तुला माहीत आहे."

माहीत होतं.

लोथारला नॉर्मन एल्ड्रिज हवा होता. ह्यात त्याच्या मनात कधीच दुमत नव्हतं आणि ज्यांनी त्याच्याबरोबर एकदा तरी दुपारचं जेवण घेतलं होतं त्यांच्याही मनात नव्हतं. रेक्स डॅलनचं नाव निघालं की लोथारच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा माणूस तोंडात सतत काहीतरी चघळतो, त्यामुळे ओठ नक्की कुठे मिटतात तेच कळत नाही आणि त्यावर शब्द बसवताना जीव जातो. रडायचं असलं की मनगटाने नाक पुसतो. पंधरा सिनेमांत तेच मनगट आणि तेच नाक. बाईशी बोलताना तिच्याकडे बघत नाही, तिच्या डोळ्यांत आपण कसे दिसतो ते बघतो. हे सगळं लोथार इतक्या रंगून सांगायचा की ऐकणारे जेवण विसरायचे. पण ज्या लोकांना तो हे सांगायचा तेच संध्याकाळी घरी जाऊन रेक्सचा सिनेमा लावायचे, हेही त्याला ठाऊक होतं, आणि त्याचा राग वेगळा.

नॉर्मनबद्दल तो फारसं बोलत नसे. जे मनापासून आवडतं त्याबद्दल बोलताना तो ओशाळायचा. जीग्रुनला, आपल्या बायकोला, त्याने एकदाच सांगितलं होतं, की नॉर्मन खुर्चीवर कोट टाकण्याआधी खुर्चीला हात लावून बघतो, ती डुगडुगते का म्हणून. असं कुणी सांगून करत नाही. आणि 'नाही' म्हणायच्या आधी तो अर्धा श्वास घेऊन थांबतो. तेवढ्यात कळतं, की हा माणूस जन्मभर 'हो' म्हणत आला आहे.

लोथार ब्राउनश्वाइगचा. बाप रेल्वेत सिग्नलवर होता आणि रविवारी सकाळी पोराला सिनेमाला न्यायचा. तिथूनच ह्याच्या डोक्यात नट व्हायचं शिरलं. सात वर्षं त्याने लहान गावांच्या रंगभूमीवर नोकर, दूत आणि दुसरा पहारेकरी केला. चेहरा असा, की कोपऱ्यावरची पाववाली त्याला रोज नवीन गिऱ्हाईक समजे. एका समीक्षकाने सात वर्षांत एकदाच त्याची दखल घेतली आणि ती त्याच्या जिने चढण्याची घेतली. शेवटी एका दिग्दर्शकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तू बोलतोस तेव्हा लोक डोळे मिटून घेतात. वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांना नीट ऐकायचं असतं." ब्याण्णव साली लोथार बर्लिनला आला. पहिली पाच वर्षं तो गर्दी होता. बाजारातली गलबल, इस्पितळातली कुजबुज, फुटबॉलच्या मैदानावरचे चौथ्या रांगेतले उद्गार. मग रेक्सचा नेहमीचा माणूस आजारी पडला आणि लोथार रेक्स झाला. दोन वर्षांनी नॉर्मन आला.

रेक्ससाठी त्याने काहीच केलं नव्हतं. सकाळी उठल्यावर पहिला जो आवाज निघतो तो घेऊन जायचा आणि बोलायचं. नॉर्मनला मात्र त्याने घडवला होता. वरच्या पट्टीत, हलका, थोडी वाफ मिसळलेला. त्यासाठी तो सालीसकट हिरवं सफरचंद खायचा, गळा मोकळा करणाऱ्या सेजच्या पाल्याचा काढा प्यायचा, आदल्या दिवशी कुणाशी भांडायचा नाही. गेली दोन वर्षं तेवढ्यानेही भागत नव्हतं. चौसष्टाव्या वर्षी श्वास पुरत नव्हता. नॉर्मनचं लांब वाक्य आलं, की आनेग्रेट काही न बोलता ते दोन तुकड्यांत घ्यायची आणि काचेपलीकडे ध्वनी सांभाळणारा ते तुकडे जोडायचा. सांधा कुणाला कळत नसे. ह्या गोष्टीचा उच्चार तिघांनीही कधी केला नव्हता. लोथारने तर तो मनातल्या मनातसुद्धा केला नव्हता, आणि आता रात्रंदिवस त्याच्या मनात दुसरं काही येत नव्हतं. चाचणीत तुकडे चालणार नव्हते. तिथे सलग बोलायचं होतं.

त्या संध्याकाळी त्याने जीग्रुनला सांगितलं. जीग्रुन तेहेतीस वर्षं न्यायालयात लघुलेखिका होती. लोक शपथ घेऊन काय काय बोलतात ते तिने शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं, त्यामुळे निवृत्तीनंतरही तिच्यासमोर बोलताना माणसं जपून बोलत. टेबलावर पाव, चीज आणि व्हिनेगरमधल्या काकड्या होत्या. तिने सगळं ऐकून घेतलं, पावाला लोणी लावलं आणि म्हणाली, "रेक्स घे."

लोथारला वाटलं थट्टा करते आहे.

"थट्टा नाही. रेक्सचा सिनेमा मी तिकीट काढून बघते. नॉर्मनचा बघते, कारण तू शेजारी बसून माझ्याकडे बघत असतोस."

"तुला ते माकड आवडतं?"

"मला मजा येते. खोटं बोलतो तेव्हा खोटारडा दिसतो. चिडला की चिडतो, संपलं. तुझा तो नॉर्मन सारखा धडपडत असतो, की मी किती भला आहे ते बघा. आवडून घ्या मला, आवडून घ्या."

"नॉर्मन नाही धडपडत," लोथार म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "जगात त्याच्याइतका न धडपडणारा नट नाही."

जीग्रुनने काकडीचा तुकडा तोंडात टाकला. "मग कोण धडपडतं रे?" तिने विचारलं.

लोथार पानावरून उठला. पुढचे दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. गळ्याला विश्रांती हवी, असं त्याने एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. तिने त्याखाली तिच्या लघुलिपीत काहीतरी लिहिलं. ते त्याला वाचता येत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती.

दहा दिवस त्याचा जीव टांगणीला लागला होता. तो सकाळी दार लावून बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून नॉर्मनची लांब वाक्यं म्हणायचा. एक वाक्य एकवीस सेकंदांचं होतं. सतराव्या सेकंदाला त्याची छाती रिकामी व्हायची. मग तो जिन्याने चार मजले चढायचा-उतरायचा, तेवढ्याने फुफ्फुसं वाढतील अशा आशेने. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्याला विचारलं, की काही हरवलं आहे का. मानेला गळपट्टा, खिशात गोळ्या, खिडक्या बंद. कुणी खोकलं की तो रस्ता ओलांडायचा. माथिस क्रूलचा एक सिनेमा लागला होता. तो बघायला जाऊन लोथार तिकीटखिडकीवरून परत आला. चांगला निघाला तर काय करायचं, आणि वाईट निघाला तर खोटा धीर येईल, असा दुहेरी घोर होता.

मग एका दुपारी त्याला युक्ती सुचली. युक्ती साधी होती आणि त्याच्यासारख्या सरळ माणसाला ती सुचावी ह्यावरूनच तो किती घाबरला होता ते कळतं. वितरकांना दोन नमुन्यांतला एक निवडायचा आहे. मग रेक्सचा नमुना वाईटच द्यायचा. अगदी पाडायचा नाही, नाहीतर आनेग्रेटच्या लक्षात येईल. लक्ष न देता, जेमतेम बोलायचं. आणि सगळा जीव नॉर्मनमध्ये ओतायचा. हे ठरल्यावर त्याला दहा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

चाचणीच्या दिवशी त्याने न सळसळणारा स्वेटर घातला, रबरी तळाचे बूट घातले आणि पोट गुरगुरू नये म्हणून एक केळं खाल्लं. काचेच्या खोलीत नेहमीचं उंच टेबल, त्यावर दिवा, कागद, हेडफोन, समोर पडदा. आनेग्रेट काचेपलीकडे होती. आधी रेक्स घेऊ, ती म्हणाली. पडद्यावर रेक्स गोठ्याच्या दारात उभा राहून धाकट्या भावाला सांगत होता, की बाप मेला तेव्हा तू कुठे होतास. तोंडात गवताची काडी होती, म्हणजे ओठांचा पुन्हा आनंद. लोथारने कागदावर एकदा नजर टाकली आणि बोलून टाकलं. बोलताना त्याच्या मनात एकवीस सेकंदांचं वाक्य चाललं होतं. आनेग्रेटने विचारलं, आणखी एकदा? तो म्हणाला, कशाला, पुरे.

मग नॉर्मन. नॉर्मन आपल्या बापाच्या पलंगावर बसून भावाला सांगत होता, की मी आलो नाही कारण मला भीती वाटत होती. एकवीस सेकंद. लोथारने पहिल्यांदा म्हटलं, सतराव्या सेकंदाला श्वास संपला. दुसऱ्यांदा अठराव्या. चौथ्यांदा पूर्ण झालं, पण शेवटचा शब्द घासला गेला. त्याने स्वतःहून पुन्हा मागितलं. सहाव्यांदा डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला चांगलं वाटलं. नवव्यांदा ते पाणी आवाजात आलं, ते आणखी चांगलं वाटलं. 'नाही'च्या आधीच्या अर्ध्या श्वासात तो नेहमीप्रमाणे एक हलका उसासा घालत होता, कारण नुसता श्वास मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही असं त्याचं पहिल्यापासून मत होतं. चौदाव्यांदा सगळं जुळलं. त्याची बनियन पाठीला चिकटली होती. आनेग्रेट काचेपलीकडून म्हणाली, धन्यवाद, लोथार.

पुढचे पाच दिवस फोन वाजला की तो हातातलं टाकून धावायचा. दोनदा दातांच्या डॉक्टरांकडून आला, एकदा चुकून. तिसऱ्या दिवशी त्याने फोन जीग्रुनच्या खोलीत नेऊन ठेवला आणि अर्ध्या तासाने परत आणला. जीग्रुन आता त्याच्याशी बोलत होती आणि तोही बोलत होता, पण जेवणापुरतं. तिने प्लमचा केक केला तर त्याने तीन तुकडे खाल्ले आणि चव विचारल्यावर सांगता आली नाही. झालंच तर होईल, आपण सगळं केलं, असं तो स्वतःला सांगायचा, आणि लगेच सतरावा सेकंद आठवायचा.

सोमवारी आनेग्रेट स्वतः आली. फोन न करता आली, तेव्हाच त्याने ओळखलं. ती कोट न काढता दारातच उभी राहिली.

"रेक्स तुझा," ती म्हणाली.

लोथार बोलायला लागला आणि थांबेना. म्हणाला, ते बहिरे आहेत का? रेक्सचा नमुना मी मुद्दाम वाईट दिला होता, मुद्दाम, ऐकते आहेस ना? मी कागद धड वाचला नाही. माझं लक्षही नव्हतं.

"मला माहीत आहे," आनेग्रेट म्हणाली. "ऐकू येत होतं. म्हणून तर तो इतका चांगला झाला. म्युनिकच्या वितरक बाईंनी काय लिहिलं सांगू? पहिल्या माणसाला आपल्याला कुणी ऐकतं आहे ह्याची पर्वा नाही, आणि दुसरा आपल्याला सतत विचारतो आहे, की मी आवडलो का. दोघं एकच माणूस आहे हे तिला कळलंही नाही."

"आणि क्रूल?"

"क्रूलने एकदाच म्हटलं," ती म्हणाली, आणि कोटाचा पट्टा आवळून जिन्याकडे वळली.

त्या रागात लोथारने रेक्सही सोडतो असं जाहीर केलं. दोन दिवस तो त्यावर ठाम होता. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचं तोंड होऊन उरलेलं आयुष्य काढायचं, आणि आवडता माणूस परक्याच्या तोंडून बोलताना ऐकायचं, ह्यापेक्षा टोमॅटो बरे. पण सोडलं तर दोन्ही जाणार, आणि मग हा चेहरा उरणार, जो पाववालीलाही लक्षात राहत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला खरीच भीती वाटली. त्याने आनेग्रेटला कळवलं, की येतो, पण एक अट आहे. बोलताना कानात माथिस क्रूल नको. समोरच्या भावाचा आवाज मूळ इंग्रजीच ठेव. तिने ठेवला.

आठ दिवस तो रेक्स बोलला. गवताची काडी, मनगट, नाक, सगळं होतं. जीव ओतायची गरज नव्हती, आणि ओतला नाही की बरं होतं हे आता त्याला सांगून झालं होतं, त्यामुळे धड ओतता येईना आणि धड न ओतताही येईना. दर वाक्याला आनेग्रेट म्हणायची, विचार करू नकोस. ह्याइतकी कठीण सूचना कुणी कुणाला देऊ नये. कानात नॉर्मनचा मूळ आवाज होता. तो आवाज लोथारने चोवीस वर्षं ऐकला होता, पण दर वेळी त्यावर आपला आवाज चढवण्यासाठी, घाईघाईने. आता त्यावर काही चढवायचं नव्हतं. त्याला ते सहन होत नव्हतं आणि तो टेबलावरच्या दिव्याकडे बघत राहायचा.

फेब्रुवारीत सिनेमा लागला. जीग्रुन म्हणाली, जाऊ या. लोथार म्हणाला, मला बघायचा नाही, आणि बुधवारी दुपारी तीनच्या खेळाला श्टेग्लित्सच्या चित्रपटगृहात एकटाच जाऊन बसला. कॉलर वर, गळपट्टा नाकापर्यंत. थिएटरात पंधरा-वीस माणसं असतील. जागा रिकाम्या असूनही एक साठीची बाई आपल्या क्रमांकावर ठाम राहून नेमकी त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने मांडीवर टोपी ठेवली, टोपीत हातमोजे ठेवले आणि दिवे गेले.

नॉर्मन एल्ड्रिज बसमधून उतरला, रस्त्यावर कुणालातरी म्हणाला, "शेत कुठल्या बाजूला?" आणि लोथारला कुणीतरी भर रस्त्यात आपला कोट घालून चाललेलं दिसावं तसं झालं. शेजारच्या बाईनेही मान वळवली. तिलाही कळलं. पहिला अर्धा तास लोथार चुका वेचत होता. इथे ओठ उशिरा मिटले. इथे शब्द लवकर संपला आणि नटाचं तोंड उघडंच राहिलं. इथे नुसतंच बोलला, काही केलंच नाही. हे शेवटचं तो पुन्हा पुन्हा मोजत होता. हा माणूस काहीच करत नाही. आनंद व्हायला हवा होता, पण त्याची भीती वाढतच चालली होती.

मग पलंगावरचा प्रसंग आला. मला भीती वाटत होती, नॉर्मन म्हणाला, एकवीस सेकंद, एका सुरात, कुणाला काही पटवून न देता. भावाने विचारलं, आता राहणार आहेस का. नॉर्मनने अर्धा श्वास घेतला. त्या श्वासात काहीच नव्हतं. उसासा नाही, कंप नाही. तो तसाच रिकामा ठेवलेला होता आणि त्या रिकाम्या जागेत नॉर्मनचा चेहरा दिसत होता, जो लोथारने चोवीस वर्षांत कधी नीट पाहिलाच नव्हता, कारण तिथे पोचेपर्यंत त्याचं लक्ष स्वतःच्या उसाशाकडे लागलेलं असे. "नाही," नॉर्मन म्हणाला.

लोथारला रडू फुटलं. हे रडणं कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं, पण आवरेनाही. तो आपल्या आवडत्या नटाचा सिनेमा बघत होता, बाकीच्या पंधरा माणसांसारखा, आणि असा तो पहिल्यांदाच बघत होता. त्याला मत्सर वाटत होता. त्याला फार वाईट वाटत होतं. आणि त्याला नॉर्मन एल्ड्रिज इतका आवडत होता, की पुढचं काही चुकू नये म्हणून तो डोळे पुसायलाही थांबला नाही. क्रूल त्याच्या लक्षातून गेला. मधूनमधून थोरला भाऊ यायचा, चघळायचा, खेकसायचा, तेव्हा लोथार सगळ्यांबरोबर हसला, आणि हा आवाज कुणाचा आहे हे त्याला एक क्षणभर उशिराच आठवलं.

शेवटी नॉर्मन मेला. थोरला भाऊ त्याच्या पलंगापाशी उभा राहिला आणि त्याने मनगटाने नाक पुसलं. दिवे लागले. शेजारची बाई टोपीतले हातमोजे काढत होती.

"एल्ड्रिजचा आवाज बदलला," ती म्हणाली. "लक्षात आलं का तुमच्या? आधी मला इतका राग आला, म्हटलं उठून जावं. नंतर विसरलेच मी."

लोथारने मान हलवून भागवायचं ठरवलं होतं, पण मग त्याला ते बरोबर वाटलं नाही.

"मीही विसरलो," तो म्हणाला.

बाईने हातमोजा अर्धाच चढवला आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अहो, तुम्ही हुबेहूब त्या दुसऱ्यासारखे बोलता. त्या आडमुठ्या थोरल्यासारखे."

"तो मीच."

ती मनापासून हसली. तिला वाटलं, म्हातारा गमतीशीर आहे.

"मग जरा बरं वागायचं होतंत धाकट्याशी," ती म्हणाली.

लोथारने गळपट्टा सोडला आणि हातात घेतला. "हो," तो म्हणाला. "चोवीस वर्षं होता तो माझ्याकडे."